आईला सांगू का, की इंजेक्शन खोटंही असू शकतं?

पत्र (ओळख पटेल असा तपशील गाळून, थोडक्यात):

"आई ७१ वर्षांची आहे, गणिताची शिक्षिका होती. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याची वयोमानाने होणारी झीज आहे. प्रकार कोरडा, आणि आता तो 'जिऑग्राफिक ॲट्रॉफी'च्या, म्हणजे पडद्याचे काही भाग पूर्ण झिजून जाण्याच्या टप्प्याला पोहोचलाय. उजव्या डोळ्याने समोरच्याचा चेहरा दिसत नाही, डाव्याने भिंग धरून वाचते. नेत्रतज्ज्ञांनी एका क्लिनिकल ट्रायलबद्दल सांगितलं. उजव्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन, दोन वर्षं. पण निम्म्या लोकांनाच खरं औषध मिळणार, बाकीच्यांना इंजेक्शनचं नुसतं नाटक. कोणाला काय, हे संगणक ठरवणार. मोठा भाऊ भडकलाय. 'आईला प्रयोगशाळेतला उंदीर करायचं नाही,' म्हणतो. त्याने एक क्लिनिक शोधलंय. तिथे पैसे भरले की तिच्याच शरीरातल्या स्टेम सेल्स (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी) काढून दोन्ही डोळ्यांत सोडतात, चिठ्ठ्याबिठ्ठ्या काही नाहीत. मला ट्रायल बरी वाटते, कारण तिथे सगळ्यात नवं औषध मिळेल. डॉक्टरांना विनंती केली तर आईला खऱ्या औषधाच्या गटात घालतील का? आणि त्या नाटकी इंजेक्शनाचं मी आईला अजून सांगितलेलं नाही. ऐकून खचेल ती. सांगावं का?"

उत्तर:

दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकते. डॉक्टरांना गळ घालून खरं औषध मिळत नाही, आणि ज्या ट्रायलमध्ये तसं मिळत असेल तिथे आईला नेऊच नका. आईला मात्र सांगायलाच हवं, आणि तेही सहीच्या आधी. बाकीचं उत्तर लांब आहे. कारण तुम्ही आणि तुमचा भाऊ काही गोष्टी धरून चालला आहात, आणि "यावर सध्या फारसा इलाज नाही, पण एक ट्रायल चालू आहे" असं ऐकून घरी आलेलं प्रत्येक कुटुंब साधारण त्याच गोष्टी धरून चालतं. आईचे डोळे मी तपासलेले नाहीत, तेव्हा 'जा' किंवा 'जाऊ नका' असा निकाल माझ्याकडून मिळणार नाही.

"सगळ्यात नवं औषध मिळेल," असं तुम्ही लिहिलंय. नवं आहे, हे खरं. त्याने गुण येतो का, हे आज कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टरांना नाही, औषध कंपनीलाही नाही. ठाऊक असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता? हे बोलायला सोपं आहे, पण मनात उतरत नाही. कारण डॉक्टर तेच, तपासणीची खोली तीच, खुर्ची तीच, मग माणूस आपल्यावर इलाजच चाललाय असं समजतो. इलाजात डॉक्टर तुमच्या आईकडे बघून औषध ठरवतात, महिन्याभराने बदलतात, नको वाटलं तर थांबवतात. ट्रायलमध्ये औषध किती, कधी आणि कोणत्या डोळ्यात, हे सगळं आधीच आराखड्यात लिहिलेलं असतं आणि ते सगळ्यांना सारखं लागू होतं. तिथे उत्तर मिळवायचं असतं ते एका प्रश्नाचं. तुमची आई बरी झाली तर उत्तम, पण ट्रायल तेवढ्यासाठी आखलेली नसते.

आईच्याच आजारावरचं उदाहरण घ्या. लॅम्पालिझुमॅब नावाचं एक औषध होतं. दुसऱ्या टप्प्याच्या लहान चाचणीत पडद्याचा झिजलेला भाग वाढण्याचा वेग सुमारे २० टक्क्यांनी मंदावल्यासारखा दिसला. सगळीकडे आशा पसरली. मग तिसऱ्या टप्प्याच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत मिळून अठराशेहून जास्त रुग्ण होते. २०१७मध्ये निकाल आला तो असा, की औषध घेणाऱ्यांची झीज आणि नाटकी इंजेक्शन घेणाऱ्यांची झीज सारख्याच वेगाने चालली होती. म्हणजे त्या ट्रायलमध्ये ज्यांना 'खरं' मिळालं त्यांनी डोळ्यात परत परत सुई टोचून घेतली, आणि हाती काही लागलं नाही. 'खोटं' मिळालेल्यांचं काहीच हुकलं नव्हतं. ट्रायल चालू असताना मात्र त्यांच्यातले कित्येक जण "आपल्या नशिबी खोटं तर आलं नसेल ना" म्हणून तळमळत असतील.

त्यानंतर २०२३च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पेगसेटाकोप्लान या औषधाला मान्यता मिळाली. जिऑग्राफिक ॲट्रॉफीसाठी मंजूर झालेलं ते पहिलंच औषध, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरं आलं. बातमी मोठी होती. पण ती नीट वाचायला हवी. या औषधाने झिजलेला भाग पसरण्याचा वेग कमी झाला. दोन वर्षांनी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला, तेव्हा औषध घेतलेल्यांना न घेतलेल्यांपेक्षा जास्त वाचता आलं, असं मात्र दिसलं नाही. शिवाय औषध घेणाऱ्यांमध्ये कोरड्या प्रकारातून ओल्या प्रकारात, म्हणजे पडद्याखाली गळक्या रक्तवाहिन्या वाढतात त्या प्रकारात, जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. आणि मंजुरीनंतर काही महिन्यांतच पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन दृष्टी गेल्याच्या थोड्या, पण गंभीर घटना पुढे आल्या. डाग हळू पसरला तरी त्याचा रुग्णाला रोजच्या जगण्यात ठळक फायदा दिसत नाही, असं म्हणून २०२४मध्ये युरोपच्या औषध नियामकाच्या समितीने परवानगीच्या विरोधात मत दिलं. आकडे तेच, पण दोन नियामकांचे निर्णय वेगळे. यात कुणी लबाडी केली असं नाही. 'फायदा' कशाला म्हणायचं, यावरच दोघांचं एकमत नव्हतं.

म्हणून तुम्ही डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो असा: या ट्रायलमध्ये यश कशावरून मोजणार? पडद्याच्या फोटोतल्या डागाच्या क्षेत्रफळावरून, तक्त्यावरच्या अक्षरांवरून, वाचनाच्या वेगावरून, की आणखी कशावरून? मग आईला विचारा, तिला काय हवंय. तिला नातवंडांचे चेहरे दिसायला हवे असतील आणि ट्रायल डाग हळू पसरावा एवढ्यासाठी असेल, तर ट्रायल पूर्ण यशस्वी होऊनही आई निराश होईल. उजव्या डोळ्यात गेलेली दृष्टी परत येईल असं तुम्हाला कुणी स्पष्ट म्हटलंय का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. तुम्ही ते स्वतःच धरून चालला आहात असा मला संशय आहे.

मोजमाप नीट निवडलं तर काय होतं, तेही सांगते. आरपीई६५ या जनुकातल्या दोषामुळे लहानपणापासून दृष्टी कमी होत जाणाऱ्या आजारावर एक जीन थेरपी आहे. तिला २०१७च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. या मुलांची तक्रार तक्त्यावरच्या अक्षरांची कमी आणि अंधारात चालता न येण्याची जास्त. म्हणून संशोधकांनी जमिनीवर बाणांनी वाट आखली, मध्ये अडथळे ठेवले, आणि वेगवेगळ्या उजेडात रुग्णांना त्या वाटेने चालायला लावलं. आधी कितव्या उजेडात अडखळत होते आणि आता कितव्या उजेडात चालू शकतात, हे मोजलं. सहभागी सगळे मिळून ३१. त्यातले १० जण तुलनेच्या गटात होते आणि वर्षभर थांबल्यावर त्यांनाही उपचार देण्यात आला. तुमच्या ट्रायलमध्ये अशी सोय आहे का, हेही विचारून ठेवा. नाटकी गटातल्यांना शेवटी खरं औषध मिळण्याची तरतूद कित्येक ट्रायलमध्ये असते आणि ती संमतीपत्रात लिहिलेली असते.

आता त्या नाटकाकडे येऊ. त्याचा तुम्हाला एवढा राग का येतो हे मला समजतं, कारण 'खोटं इंजेक्शन' म्हटलं की फसवणूकच डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात काय होतं बघा. डोळा बधिर करणारे थेंब घालतात. आयोडीनने डोळा आणि पापण्या स्वच्छ करतात. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून छोटी क्लिप लावतात. मग खऱ्या गटात बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक सुई आत जाते. नाटकी गटात त्याच जागी सुई नसलेल्या सिरिंजचं टोक दाबतात. दाब जाणवतो, भोक पडत नाही. खऱ्या इंजेक्शनाने डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचा धोका फार थोडा, हजारो इंजेक्शनांत एखाद्या वेळचा, पण झालाच तर डोळा गमावण्यापर्यंत मजल जाते. नाटकी गटातल्या माणसाला तो धोका पत्करावा लागत नाही.

पण नाटक तरी कशाला? निम्म्यांना काहीच दिलं नाही तर चालणार नाही का? नाही चालत, आणि याचं कारण त्या तक्त्यासमोर बसलं की कळतं. संशोधनात वापरतात तो तक्ता चार मीटरवर असतो, प्रत्येक ओळीत पाच अक्षरं. अक्षर दिसलं नाही तर अंदाजाने सांगा, असं तपासनीस सांगतो. ज्यांचा पडद्याचा मधला भाग गेलाय ते मान तिरकी करतात, हनुवटी वर उचलतात, कडेच्या शाबूत भागात अक्षर पकडायला बघतात. यात चिकाटी लागते. आपल्याला नवं औषध मिळालंय असं ज्याला माहीत आहे, तो आणखी दोन अक्षरं नेटाने शोधतो. आपल्याला काही मिळालं नाही असं ज्याला माहीत आहे, तो "नाही दिसत" म्हणून मोकळा होतो. तपासनिसालाही माहीत असेल तर "अजून एकदा बघा ना" हे तो कुणाला म्हणेल? म्हणून रुग्णालाही कळू देत नाहीत आणि मोजणाऱ्यालाही. डॉक्टरांना विनंती करून आईला खऱ्या गटात घालता येत नाही ते याचसाठी. बहुतेक ट्रायलमध्ये मोजणाऱ्या डॉक्टरांना स्वतःलाच गट माहीत नसतो. इंजेक्शन देणारा डॉक्टर वेगळा असतो आणि त्याला बाकीच्यांशी त्याबद्दल बोलायची मुभा नसते.

तुलनेचा गट नसता तर काय झालं असतं याचा एक जुना दाखला आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. एकोणीसशे चाळीसच्या दशकात अपुऱ्या दिवसांची बाळं वाचू लागली आणि त्यातली कित्येक पडद्याच्या एका आजाराने आंधळी होऊ लागली. न्यूयॉर्कमध्ये डॉ. विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसीटीएच हे हार्मोन देऊन बघितलं. ३१ बाळांना दिलं, त्यातल्या २५ जणांची दृष्टी चांगली राहिली. दुसऱ्या एका रुग्णालयात ज्या सात बाळांना ते दिलं नव्हतं, त्यातली सहा आंधळी झाली. तुम्ही आई असता तर काय मागितलं असतं? मीही तेच मागितलं असतं. तरी सिल्व्हरमन यांनी चिठ्ठ्या टाकून नीट चाचणी केली. निकाल उलटाच आला. हार्मोन दिलेल्या बाळांपैकी साधारण एक तृतीयांश आंधळी झाली, न दिलेल्यांपैकी एक पंचमांश. शिवाय हार्मोन दिलेल्या गटात मृत्यूही जास्त झाले. सुरुवातीला जे यश दिसलं ते औषधाचं नव्हतंच, कारण सुरुवातीच्या टप्प्यातली बरीचशी बाळं काही न करता आपोआप सुधारत असत. आजाराचं खरं कारण पुढे १९५४च्या सुमाराला अठरा रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीतून पक्कं झालं: बाळांना वाचवण्यासाठी काचपेटीत सढळ हाताने दिला जाणारा प्राणवायू. तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळांची दृष्टी गेली होती. प्राणवायू कमी द्यायचा म्हणजे बाळांवर अन्याय, असं त्या काळी अनेक परिचारिकांना मनापासून वाटत होतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. उपचार खरोखर लागू पडत असेल तर तुलनेच्या गटाला मुदत संपेपर्यंत ताटकळत ठेवत नाहीत. मधुमेहामुळे पडदा खराब होतो त्यावर लेझरचा उपयोग होतो का, हे बघायला १९७१मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास सुरू झाला. सतराशेहून जास्त रुग्ण. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर, दुसरा तसाच, आणि कोणता डोळा कोणत्या बाजूला हे नशिबावर. मधल्या आकड्यांतच दिसलं की लेझरमुळे दृष्टी गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतंय. १९७६मध्ये आराखडा बदलला आणि ज्या डोळ्यांना धोका जास्त होता त्यांना लेझर देऊ केलं. आज अशा चाचण्यांवर एक स्वतंत्र समिती नजर ठेवते. तिला मधूनमधून खरे आकडे दाखवतात आणि चाचणी थांबवा असं सांगण्याचा अधिकार तिला असतो. तुमच्या ट्रायलला अशी समिती आहे का, हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

आता भावाबद्दल. त्याला मूर्ख ठरवू नका. 'उंदीर' म्हणताना आईची काळजी त्याच्या बोलण्यात आहे. आणि चिठ्ठी नको, पैसे देतो पण नक्की काहीतरी करा, ही मागणीही माणसासारखीच आहे. पण आईला खरोखर उंदीर कुठे करतील, याचा हिशोब त्याने उलटा मांडलाय.

त्याला एक गोष्ट दाखवा. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकाच्या मार्च २०१७च्या एकाच अंकात दोन वृत्तान्त आले, दोन्ही तुमच्या आईच्या जातीच्या आजाराचे आणि दोन्ही स्टेम सेल्सचे. पहिला जपानमधला. डॉ. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वयस्क बाईच्या त्वचेपासून पेशी तयार केल्या आणि पडद्याखालच्या थराचा छोटा तुकडा तिच्या एकाच डोळ्यात बसवला. वर्षाने तिची दृष्टी सुधारली नव्हती, बिघडलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींमध्ये जनुकीय बदल सापडले, तेव्हा त्या गटाने शस्त्रक्रियाच केली नाही. दुसरा वृत्तान्त अमेरिकेतला. ७२ ते ८८ वर्षांच्या तीन बायका एका खासगी क्लिनिकमध्ये गेल्या. पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी टोचल्या. त्यासाठी प्रत्येकीने ५००० डॉलर भरले होते. काही दिवसांतच डोळ्यांत रक्तस्राव झाला, पडदे सुटले. आधी त्यांना बऱ्यापैकी दिसत होतं. वर्षाने तिघींची दृष्टी कायद्याने अंध ठरवण्याच्या पातळीला किंवा त्याहून खाली गेली होती. एकीला उजेडही कळत नव्हता.

यातली सर्वात बोचणारी गोष्ट अशी, की त्या उपचाराची नोंद अमेरिकी सरकारच्या क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह या नोंदणीत 'अभ्यास' म्हणून होती. तेव्हा भावाने शोधलेल्या क्लिनिकने "आमची ट्रायल नोंदलेली आहे" असं सांगितलं, तर त्याने भारून जायचं कारण नाही. नोंदणी म्हणजे पावती, मंजुरी नव्हे. तुलनेचा गट नाही, एथिक्स कमिटीचं (सहभागी रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचं) नाव विचारलं की टाळाटाळ, प्रयोगातल्या उपचाराचेच पैसे रुग्णाकडून, आणि दोन्ही डोळे एकाच दिवशी. यातलं एक जरी दिसलं तरी मी आईला घेऊन तिथून निघेन. त्यातही शेवटचं तर लगेच. जबाबदार संशोधक सुरुवात एका डोळ्यापासून करतो, सहसा ज्याला जास्त कमी दिसतं त्याच्यापासून, म्हणजे काही बिनसलं तरी चांगला डोळा हाताशी राहतो. तुमच्या नेत्रतज्ज्ञांनी उजवा डोळा निवडलाय, तो म्हणूनच असावा.

राहता राहिली आई. पत्र दोनदा वाचलं. त्यात तुमचं मत आहे, भावाचं आहे, डॉक्टरांचं आहे. आईचं एकही वाक्य नाही. डोळे तिचे आहेत. जिने आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं तिला 'निम्मी शक्यता' समजणार नाही, असं तुम्हाला वाटतं? माझ्या मते तुम्हा दोघा भावंडांपेक्षा तिलाच ती जास्त चटकन समजेल. ती खचेल ही भीती खरी असू शकते. पण न सांगता सही घेतली आणि सहा महिन्यांनी प्रतीक्षागृहात शेजारच्या पेशंटकडून तिला कळलं, तर ती जास्त खचेल. त्यानंतर तुमच्या दुसऱ्या कुठल्या शब्दावर ती विश्वास ठेवेल? शिवाय हा फक्त घरातला प्रश्न नाही. सहभागी होणाऱ्याला स्वतःला सगळं कळल्याशिवाय घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. माणसांवरच्या संशोधनासाठी १९६४मध्ये हेलसिंकीत जी तत्त्वं ठरली त्यांच्या मुळाशी हेच आहे.

इथे एक बारीकशी गोष्ट आहे, ती डोळ्यांच्या ट्रायलमध्ये हमखास आडवी येते. संमतीपत्र वीस-पंचवीस पानांचं असतं, आणि ज्याच्याकडे ते दिलं जातं त्याला वाचताच येत नसतं. मग लेक म्हणते, "मी वाचलंय, तू इथे सही कर." असं करू नका. मोठ्या अक्षरांतली प्रत मागा, नाहीतर पूर्ण वाचून दाखवायला सांगा. ज्याला वाचता येत नाही त्याच्या संमतीच्या वेळी, ट्रायलशी संबंध नसलेला एक त्रयस्थ साक्षीदार हजर असावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यांची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करा, म्हणजे आईला घरी शांतपणे परत ऐकता येईल. त्याच दिवशी सही करायला कुणी घाई करत असेल तर तेवढ्यावरून सावध व्हा.

आईला सांगताना "खोटं इंजेक्शन" इथून सुरुवात करू नका. "हे औषध चालतं का, ते कुणालाच माहीत नाही, ते शोधायला त्यांना माणसं हवीत," इथून करा. निम्म्यांना औषध का देत नाहीत, हे मग तीच विचारेल. आणि शेवटी तिच्यासमोर एकच प्रश्न ठेवा: "दोन वर्षांनी कळलं की तुला औषध मिळालंच नव्हतं, तरी गेले ते बरं झालं असं वाटेल का?" 'हो' आलं तर ट्रायल तिच्यासाठी आहे. काहींना खरंच वाटतं तसं. आपल्यामागून येणाऱ्यांना उपयोग होईल, दर महिन्याला कुणीतरी डोळे बारकाईने तपासेल, एवढंही त्यांना पुरतं. 'नाही' आलं तर जाऊ नका. त्यात भित्रेपणा काही नाही.

बाकीचे प्रश्न रोकडे आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? तुम्ही राहता तिथे या आजारावर मान्यता मिळालेलं औषध उपलब्ध आहे का, आणि असेल तर दोन वर्षं ते घ्यायचं नाही अशी अट आहे का? मधेच डाव्या डोळ्यात ओला प्रकार सुरू झाला तर त्याच्या इंजेक्शनांना आडकाठी येणार नाही ना? ट्रायल संपल्यावर काय? हा शेवटचा प्रश्न उपकरणांच्या बाबतीत तर फार जड जातो. 'आर्गस २' नावाचा पडद्यावर बसवायचा इलेक्ट्रॉनिक इम्प्लांट होता. तो जगभरात सुमारे साडेतीनशे जणांना बसवला होता. पुढे कंपनीने त्याचं काम बंद केलं आणि दुरुस्तीला कुणी उरलं नाही. डोळ्यात यंत्र असलेली माणसं तशीच राहिली.

बाहेर पडायचं स्वातंत्र्य मात्र पूर्ण आहे. केव्हाही, कारण न सांगता, आणि त्यामुळे आईच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. तरी डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकून घ्या, कारण ओळखीच्या डॉक्टरांना 'नको' म्हणायला लोक बिचकतात.

आणि दर महिन्याला आईला कोण नेणार, हे सहीच्या आधी ठरवा. बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घातले की पुढचे काही तास अंधुक दिसतं. तिला एकटीला परतता येणार नाही. चोवीस महिने, म्हणजे कुणाच्या तरी चोवीस रजा. भावाला ट्रायलच्या विरोधात बोलायचा जेवढा अधिकार आहे, तेवढी निम्म्या फेऱ्यांची जबाबदारीही त्याच्याकडे द्या. वाद अर्धा तिथेच मिटेल असा माझा अंदाज आहे. तपासण्या होऊन आई ट्रायलमध्ये बसलीच नाही, असंही होऊ शकतं. निकष कडक असतात. तिला तेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर "मला नापास केलं" हे मनाला लागतं.

ट्रायल झाली नाही तरी हात बांधलेले नाहीत. कमी दृष्टी असलेल्यांसाठी वेगळी तपासणी असते. ती झाली नसेल तर आधी ती करा. योग्य ताकदीचं भिंग, वाचताना डाव्या बाजूने पडणारा जोरदार उजेड, अक्षरं मोठी करणारा किंवा वाचून दाखवणारा फोन, आणि कडेच्या शाबूत भागाने बघायचा सराव, यांनी तिच्या रोजच्या दिवसात पडणारा फरक आज उपलब्ध असलेल्या इंजेक्शनांपेक्षा जास्त असू शकतो. व्हिटॅमिन आणि झिंकच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. एका मोठ्या अभ्यासात, मधल्या टप्प्यातल्या रुग्णांचा आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका त्यांनी सुमारे पाव भागाने कमी झाला, असं २००१मध्ये दिसलं. पुढच्या अभ्यासाने २०१३मध्ये त्यातलं बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन आणि झिॲझॅन्थिन घालण्याची शिफारस केली. कारण पूर्वी धूम्रपान करणाऱ्यांत बीटा कॅरोटीनने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला होता. दुकानातली कुठलीही 'डोळ्यांची गोळी' म्हणजे ती गोळी नव्हे, आणि गेलेली दृष्टी तिने परत येत नाही.

ट्रायलचं काहीही ठरो, एक काम आजपासून सुरू करा. रोज एक डोळा झाकून दुसऱ्याने, मग उलट, चौकटींचा कागद किंवा दाराची चौकट बघायला आईला सांगा. कालपर्यंत सरळ दिसणारी रेघ अचानक वाकडी किंवा लाटेसारखी दिसली, किंवा मध्ये नवा काळा डाग आला, तर कोरड्याचा ओला प्रकार झालेला असू शकतो. त्यावर इंजेक्शनं आहेत आणि ती खरोखर लागू पडतात, पण उशीर चालत नाही. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आई ट्रायलमध्ये असेल तर ट्रायलच्या डॉक्टरांनाही.